नेरूरकर बाईंची तिरकी फळी

या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हा सगळ्यांना एकच प्रश्न दिला आहे : ‘बाईंच्या शिकवण्यातलं आज काय उरलं आहे?’ इतरांनी त्याचं काय उत्तर दिलं असेल मला माहीत नाही. मला ते देता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगते. उत्तर लिहून पाहिलं, मोठ्याने वाचून पाहिलं आणि खोटं वाटलं म्हणून फाडून टाकलं. बाईंबद्दल लिहिताना तरी खोटं लिहायचं नाही, एवढं त्यांच्याकडून नक्की शिकले आहे. म्हणून मला जे माहीत आहे तेवढंच लिहिते. गौरवग्रंथाला शोभेल इतकं ते आनंदाचं नाही. वाचकांनी मला समजून घ्यावं.

श्रीमती सुनंदा नेरूरकर बाई लग्न करून कोकणातून बदलापुरात आल्या. त्यांचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. बाई तिथल्याच बेलवली भागातल्या आमच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवू लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. मी जवळच्या चामटोली गावची. वडील अंबरनाथला एका कारखान्यात हेल्पर, आई आजही भाजी पिकवते. सातवीपर्यंत गावातच शिकले आणि आठवीला बदलापूरच्या शाळेत आले. माझ्या आधी आमच्या घरात कुणी आठवीत गेलेलं नव्हतं.

बाईंची पहिली ओळख चपलेवरून झाली. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या की उद्या येताना प्रत्येकाने घरातली एक जुनी चप्पल आणायची, एकाच पायाची. वर्ग हसायला लागला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “बाई, चोरीला गेलेली चालेल?” बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “चालेल. आणि सापडली तर मला पण सांग. माझी देवळाबाहेरून गेली आहे.”

मी आईची चप्पल नेली. टाच झिजून कागदासारखी झालेली, पट्ट्याला सेफ्टी पिन. ती मी पिशवीत, पिशवी दप्तरात, आणि दप्तर पायाखाली दाबून बसले होते. माझी पाळी आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “ही चप्पल आहे की पापड?” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. त्यांनी चप्पल हातात घेतली, तिचा तळ वर्गाकडे फिरवला आणि विचारलं की ही बाकी सगळीकडे बरी आहे, मग टाचेलाच एवढी का झिजली असेल? कुणाला सांगता येईना. मग मीच सांगितलं, की आई डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरते तेव्हा टाच रोवून उतरते. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या की मग या चपलेने खूप काम केलं आहे, हिला आधी फळीवर घेऊ. त्या तासाला सगळ्यांना तीच चप्पल हवी होती.

प्रयोग अगदी साधा. एक लांब लाकडी फळी, तिच्यावर चपला ओळीने ठेवायच्या आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. कोणती चप्पल केव्हा घसरते ते बघायचं आणि फळी तेव्हा जिथवर उचलली असेल तिथे भिंतीवर खडूने खूण करायची. पण फळी उचलायच्या आधी बाईंचा एक नियम होता. प्रत्येकाने आपला अंदाज फळ्यावर लिहायचा, पुढे स्वतःचं नाव लिहायचं, आणि तो चुकला तरी शाळा सुटेपर्यंत पुसायचा नाही. चपलेत दगड ठेवला तर काय होईल, असं बाईंनी विचारलं तेव्हा अर्ध्या वर्गाने लिहिलं की ती लवकर घसरेल, अर्ध्याने लिहिलं की घट्ट बसेल. फळी उचलली. दगडासकट ती चप्पल बरोबर आधीच्याच खुणेशी घसरली. मागून एक मुलगा वैतागून म्हणाला, “बाई, ये तो चीटिंग है.” बाई म्हणाल्या, “मग पकड चीटिंग. फळी घे, तू उचल.” त्याने उचलली. पुन्हा तेच. त्या दिवशी फळ्यावर सगळ्या वर्गाची नावं चुकीच्या अंदाजांपुढे होती आणि कुणालाच लाज वाटत नव्हती, कारण सगळेच चुकले होते.

बाई स्वतःचा अंदाजही लिहायच्या. एकदा फळी ओली केल्यावर रबरी चपला लवकर घसरतील असं त्यांनी लिहिलं. त्या खरबरीत फळीवर उलट झालं, चपला चिकटून बसल्या. ‘सौ. नेरूरकर’ असं नाव त्या चुकीच्या अंदाजापुढे दिवसभर होतं. नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. त्यांनी फळ्याकडे बघून विचारलं की वर्गात चुकीचं का लिहिलं आहे. मुख्याध्यापक मागून ‘पुसा, पुसा’ अशा खुणा करत होते. बाईंनी साहेबांपुढे खडू धरला आणि म्हणाल्या की पुढचा प्रयोग व्हायचा आहे, आपणही अंदाज लिहावा. साहेब हसले, लिहिलं, आणि चुकले. त्यांचं नावही शाळा सुटेपर्यंत तिथेच राहिलं. मोठ्या माणसासमोर ताठ उभं राहून, आवाज न चढवता, आपलं काम चालू ठेवता येतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे सांगायचं आहे ते मला का सोसत नाही, हे त्याशिवाय कळणार नाही.

बाईंचा माणूस म्हणून लळा मला कॉलेजात असताना लागला. उल्हासनगरच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला होते. उतरणीवरच्या ठोकळ्याचा प्रयोग होता आणि माझी रीडिंग आलेखावर कुठेच बसेनात. माझी पार्टनर उल्हासनगर कॅम्पातल्या कापड दुकानदाराची मुलगी, मनाने फार चांगली. ती म्हणाली, “अरे, पहले आन्सर लिख, फिर रीडिंग बिठा दे. सब यही करते हैं.” खरंच सगळे तेच करत होते. मी केलं नाही, आणि सरांनी जर्नलच्या पानावर लाल रेघ ओढली. मी रडत बेलवलीला बाईंच्या घरी गेले. बाईंनी डोळे पुसायला सांगितलं नाही. आधी घावणे वाढले. मग म्हणाल्या, “रीडिंग चुकलं असेल. पण ते तुझं आहे. दुसऱ्याचं बरोबर घेऊन काय करशील?”

नंतर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. ठोकळा कशाचा होता, कुठे ठेवलेला होता, खिडकी उघडी होती का. पावसाळ्याचे दिवस होते. बाईंनी घरातला एक लाकडी ठोकळा आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि पोळपाट तिरका करून मला खुणा करायला लावल्या. मग तोच ठोकळा त्यांनी गॅसवरच्या तव्याजवळ ठेवून वाळवला आणि पुन्हा खुणा करायला लावल्या. खुणा बदलल्या. माझं रीडिंग खोटं नव्हतं, लाकडाने ओल धरली होती. दुसऱ्या दिवशी मी धावत कॉलेजात जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले की जर्नल जमा करायची तारीख होऊन गेली. लाल रेघ तशीच राहिली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की रेघ त्यांची, ठोकळा आपला. मला तेव्हा ते पुरेसं वाटलं होतं.

बी.एड. करून मी बाईंच्याच शाळेत लागले. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवले तितकेच, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. बाई त्याच्या आदल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. प्रयोगशाळेत आता मोडक्या खुर्च्या आणि डिजिटल बोर्डांची रिकामी खोकी आहेत. ताणकाटे गंजले आहेत. वर्गात मोठा बोर्ड आहे. त्यावर एक ठोकळा घसरतो, बाण उमटतात, एक गोड आवाज घर्षणाची व्याख्या सांगतो, मुलं ती उतरवून घेतात. ठोकळा प्रत्येक वेळी अगदी बरोबर घसरतो. एकदा मी आठवीच्या वर्गाला विचारलं की तुम्ही घर्षण कुठे कुठे पाहिलं आहे. एका मुलीने लगेच हात वर केला. “बोर्डवर, मॅडम.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हसले, पण तो तास मला पुढे नेता येईना.

आमच्याच बॅचचा एक मित्र विठ्ठलवाडीला क्लास चालवतो. बाईंचा आवडता विद्यार्थी, चीटिंग पकडायला फळी उचलणारा तोच. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “चपलांची मजा होती गं. पण पेपरमध्ये चप्पल येत नाही.” तो वाईट माणूस नाही. त्याचा क्लास भरलेला असतो आणि मुलांना गुण मिळतात.

या वर्षी मी ठरवलं की चपलांचा प्रयोग करायचाच. मुलांनी चपला आणल्या. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं की टेबलावर माती दिसता कामा नये, म्हणून मी स्टाफरूममधलं जुनं वर्तमानपत्र आणून टेबलावर पसरलं आणि पुढे फळीवर जायच्या चपला त्यावर मांडल्या. फळ्यावर नावांसकट अंदाज लिहिले. तास छान झाला. मुलं शाळा सुटली तरी जाईनात. आमच्या शाळेत कोणताही उपक्रम केला की त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकावा लागतो, नाहीतर तो केला असं धरत नाहीत. मीही टाकला. खाली लिहिलं, ‘अंदाज सांगा : आधी कोण घसरणार?’

फोटोत वर्तमानपत्राचं जे पान आलं होतं त्यावर इथल्या एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात होती. एक चप्पल नेमकी त्यांच्या चेहऱ्यावर होती. मी ते पाहिलंच नव्हतं. माझं लक्ष चपलांच्या तळांकडे होतं. एका पालकाने तो फोटो पुढे पाठवला आणि माझ्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, ‘साहेब.’ संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या बदलापुरात फिरत होता. मला एका कार्यकर्त्याचा फोन आला. “मॅडम, अख्ख्या पेपरात तुम्हांला साहेबांचंच पान सापडलं?” मी म्हटलं की मी पानाकडे बघितलंच नाही. तो म्हणाला, “तेच तर. साहेबांकडे तुम्ही बघितलंच नाही.”

साहेबांचा राग एक वेळ समजू शकते. पण शाळेच्या संस्थेला या निमित्ताने भलतंच सापडलं. मला कार्यालयात बोलावलं तेव्हा जाहिरातीचा विषय पहिल्या पाच मिनिटांत संपला. मग चपला टेबलावर का, ज्या टेबलापाशी सरस्वतीपूजन होतं त्या टेबलावर का, एवढा महाग बोर्ड असताना का, मुलांची नावं चुकीच्या उत्तरांपुढे लिहून त्यांचा अपमान का, असं एकेक निघालं. माफी लिहून द्या, असे प्रयोग पुन्हा करणार नाही असंही लिहून द्या, नाहीतर पुढच्या महिन्यापासून तास मिळणार नाहीत, असं अध्यक्षांनी स्वच्छ सांगितलं. मी विचार करायला वेळ मागितला. माझ्या तासांवर आमच्या घरातलं बरंच काही चालतं, हे त्यांना माहीत होतं.

ही बातमी बाईंना कुणी सांगितली मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात उभी असताना त्या जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, प्रत्येक पायरीला थांबत आल्या असणार. श्वास लागला होता. अध्यक्षांनी उठून खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, “ही पद्धत माझी आहे. या मुलीने माझ्याकडून घेतली. चूक धरायची तर माझी धरा.”

अध्यक्ष म्हणाले की बाई, तुमच्याबद्दल आम्हांला आदरच आहे, पण हे चपला-बिपला आता बंद व्हायला पाहिजे, आता बोर्डवर सगळं दिसतं.

बाईंनी हात जोडले. “माफ करा. तिचे तास काढू नका. बंद.”

एवढंच. तपासणीच्या साहेबांपुढे खडू धरणाऱ्या बाई. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत होत्या. अध्यक्षांनी चहा मागवला. बाईंनी तो घेतला नाही. माझी माफी लिहून घ्यायची गरज आता उरली नव्हती, मोठ्या माणसाने मागितली म्हणजे झालं, असं ठरलं आणि माझे तास चालू राहिले.

जिना उतरताना मी बाईंचा हात धरला होता. त्या म्हणाल्या की रागावू नकोस, तुझ्या घरचे तुझ्यावर अवलंबून आहेत, मी निवृत्त बाई, माझं काय जातं. काय गेलं ते मला पुढच्या काही आठवड्यांत दिसलं. बाईंच्या घरी ठोकळे, दोरे, कप्प्या, ताणकाटे यांनी भरलेलं एक कपाट होतं. सुट्टीत आजूबाजूची मुलं ते उघडून बसायची. मी गेले तेव्हा कपाटात चादरी होत्या. सामान भंगारवाल्याला दिलं असं त्यांनी सहज सांगितलं, जसं आपण रद्दीचं सांगतो. टीव्हीवर मालिका चालू होती. शेजारची मुलगी दार लोटून आत आली आणि आज्जी, पाण्यात खडू का बुडतो असं विचारू लागली. बाई तिला म्हणाल्या की बाळा, पुस्तकात बघ.

ती गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं. मग टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाल्या, “इतकी वर्षं मुलांना सांगत आले, बघा, नीट बघा. आणि त्या दिवशी मी खाली बघत होते गं.”

मी माझ्या परीने त्यांना सांगायला हवं होतं की बाई, तुम्ही माझ्यासाठी केलंत, ते मोठं आहे. पण ते बोलणं मला तिथे खोटं वाटलं असतं, कारण त्यांनी मला वाचवलं नव्हतं. त्यांनी माझे तास वाचवले होते. त्या तासांमध्ये मी बोर्ड चालू करायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. एकाही मुलाने चपलांबद्दल परत विचारलं नाही. मुलांना फार लवकर कळतं की कशाबद्दल विचारायचं नाही.

म्हणून संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. बाईंच्या हाताखालून इतकी मुलं गेली. त्यांतली कुणी बँकेत आहेत, कुणी परदेशात आहेत, काही या ग्रंथात सुंदर लिहितील. पण ज्या शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली तिथे त्यांची फळी नाही, ठोकळे नाहीत, आणि त्यांची पद्धत त्यांच्याच तोंडून बंद करवून घेतलेली आहे. याला काय उरलं म्हणायचं ते मला कळत नाही. कुणाला कळलं तर मला सांगावं, मी येऊन ऐकेन.

बाईंची साठी पूर्ण होते आहे. मी देवाजवळ त्यांच्यासाठी काय मागते ते लिहिते. त्यांचे गुडघे दुखायचे थांबोत. त्यांना शांत झोप लागो. त्यांनी घातलेले घावणे आम्हांला अजून खूप वर्षं खायला मिळोत. आणि त्यांच्या उरलेल्या मोठ्या, निरोगी आयुष्यात कुणापुढेही, कुणासाठीही, त्यांच्यावर मान खाली घालायची वेळ न येवो.

शेवटचं तर माझ्याच हातात होतं, म्हणून ते मी नुसतं मागत बसले नाही. या सोमवारी मी संस्थेच्या कार्यालयात गेले. अध्यक्ष होते, मुख्याध्यापिकाही होत्या. मी त्यांना सांगितलं की जाहिरातीचा कागद चपलांखाली आला याबद्दल मी दिलगीर आहे, तो न बघता पसरला ही माझी चूक. चपला टेबलावर ठेवल्याबद्दल मी दिलगीर नाही. मुलांचे अंदाज नावांसकट फळ्यावर लिहिल्याबद्दलही नाही. आणि नेरूरकर बाईंनी माझ्या वतीने जी माफी मागितली ती मला मान्य नाही, ती मी परत घेते. अध्यक्षांनी विचारलं की याचा अर्थ काय होतो ते कळतंय ना. मी हो म्हटलं. मंगळवारपासून मला तास नाहीत. घरी सांगितलं आहे, वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत. बाईंना यातलं काहीच माहीत नाही, त्यांना ते या पानावरच कळेल, म्हणून संपादकांना विनंती आहे की हा परिच्छेद गाळू नये. बाई, तुम्ही जोडलेले हात मी सोडवून आणले आहेत.